मुग्धाचे थेंब

३ नोव्हें., सोम., जुईनगर
सुमनचा स्कॅन आला. यकृतात परत गाठ. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले होते, "आता काही दिसत नाही." आम्ही ऐकलं, बरी झाली. सोसायटीभर पेढे वाटले. आज लिफ्टमध्ये शेजारच्या बाई, "काकू ठणठणीत ना आता?" हो म्हणालो.

५ नोव्हें.
मुग्धा खारघरहून जेवायला. मुलगी प्रयोगशाळेत ह्याच दुखण्यावर काम करते. विचारलं, केमोने सगळं जाळलं होतं ना, मग हे आलं कुठून? म्हणाली, कर्करोगाच्या थोड्या मूळपेशी झोपून राहतात, औषधाला दाद देत नाहीत, मागाहून त्याच गाठ वाढवतात. त्यांच्या आत प्रथिनं गोळा होऊन थेंब बनतात. भिंत नाही, पिशवी नाही. आमटीवरच्या तेलाकडे बोट दाखवलं. दोन थेंब जवळ आले, एक झाले. "तस्संच, बाबा. ह्या थेंबांच्या जोरावर त्या पेशी हट्टी राहतात. आम्ही प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते विरघळवले."
सु. आतून, "मग नीट ढवळा की गं!" किती दिवसांनी तिघं हसलो.
शाळेत दवाच्या कविता पाठ केल्या. थेंब म्हणजे गवतावरचा, सकाळचा. एवढंच ठाऊक होतं.

८ नोव्हें.
केमो सोम. १७ पासून. सु. नको म्हणते. "केस आत्ता कुठे विंचरण्याएवढे झालेत." धीर द्यायला बोलून गेलो, मुग्धाला औषध सापडलंय. चेहरा असा उजळला. लग्न नवं होतं, मी शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो, तेव्हा असा… जाऊ दे.

११ नोव्हें.
सु.चा हट्ट. "पोटच्या पोरीचं औषध येतंय, मग ते विष कशाला?" मुग्धाला फोन केला. चिडली. "बाबा, काचेच्या बशीतल्या पेशी आहेत त्या! माणसापर्यंत यायला वर्षं लागतील. कदाचित येणारही नाही. आजच्या आज आईला सांगा."
नाही सांगितलं. चहा करून दिला.

१६ नोव्हें., रवि.
मुग्धा स्वतःच सांगायला आली. लॅपटॉप उघडला. काळ्यावर हिरवे थेंब, तरंगत, भिडले की एक होत. सु. चष्मा लावून बघत राहिली. "किती देखणे आहेत गं मेले!" मग तिचा हात धरून, "आणि हे तू विरघळवतेस. माझेही होतील ना?"
मुग्धाने लॅपटॉप मिटला. "हो, आई. पण आधी केमो घ्यावी लागते. त्याशिवाय माझं औषध लागू पडत नाही."
माझ्याकडे बघितलं नाही तिने. सु. लगेच तयार. पिशवीत शाल, कंगवा.

१७ नोव्हें.
सुई लागली. सु. नर्सला सांगत होती, "हे झालं की माझ्या लेकीचं सुरू." नर्सने मुग्धाकडे पाहिलं. मुग्धा पाण्याची बाटली भरून आणते म्हणून उठली.
सु. मला, "अहो, कधीपासून सुरू करणार म्हणाली ती?"
मुग्धा अजून आलेली नाही.