इंजिनाचं कथील

६ एप्रिल १९४३, मुक्काम लष्कर
गिरणीचं इंजिन पुन्हा बंद. महिन्यात तिसऱ्यांदा. मुख्य बेअरिंग इतकं तापलं की हात लावता येईना. आतला कथील-शिशाचा पांढरा धातू लोण्यासारखा सरकून एका कडेला गोळा झालेला. मॅनेजरनी (पुढे मॅ.) तेलवाल्या गणपतरावांवर खापर फोडलं. "तेल दिया नहीं, सो गया होगा." त्यांना घरी बसवलं. इंजिनिअर म्हणून माझ्याकडे सोमवारी कारणाचा रिपोर्ट मागितला.
तेलाची कुपी मी स्वतः पाहिली. भरलेली होती. पाणी कुठेतरी मुरतंय.

७ एप्रिल
सरकलेल्या धातूचा तुकडा कागदावर घासला. पेन्सिलीसारखी काळी रेघ! जुन्या विलायती बेअरिंगचा घासला तर जेमतेम डाग. म्हणजे आपल्या ओतकामात कथील कमी, शिसं जास्त. असला धातू थंड असताना शहाण्यासारखा वागतो. उष्णता नि भार एकदम आले की बसतो.
ओतकाम एकटा नन्हेलाल मिस्त्री करतो. मलाया शत्रूच्या हाती पडल्यापासून बाड्याच्या बाजारात कथील दृष्टीला पडत नाही. चोरायला याहून चांगला माल कुठला?

८ एप्रिल
ओतकामाला मुद्दाम उभा राहिलो. मिस्त्रीनं ताव पाहायला रसात लाकडाची काडी बुडवली, ती तपकिरी झाली तेव्हाच ओतलं. वीस वर्षांचा हात, खोट काढायला जागा नाही. "साहब, आज बड़ी देर से खड़े हैं." मी नुसतं हूं केलं. तो गालात हसला असं वाटलं. चोर तो, आणि ओशाळलो मी.

१० एप्रिल
मॅ.ना नाव सांगण्याआधी त्याला एकट्याला गाठलं. कथिलाचंच विचारलं, रांगा कहाँ गया? जराही गडबडला नाही.
"आपके घर, साहब. भैया के जनेऊ में आप ही ने तो कहा था, बर्तनों की कलई देख लेना. बाजार में रांगा है कहाँ? जितना कम पड़ा, उतना सीसा डाल दिया."
म्हणालो होतो, भांड्यांच्या कल्हईचं बघ म्हणून. आमच्या बंडूच्या मुंजीच्या गडबडीत, चालता चालता. सगळ्याच साहेबांच्या घरी कारखान्याचा माणूस असली कामं करून जातो. सामान कुठलं, कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.
घरी सौ.ला विचारलं. "अहो, तुमचाच निरोप आहे म्हणाला मिस्त्री. दीडशे पानांची भांडी होती. माझ्या माहेरचीही दिली की त्यात!"

११ एप्रिल, रविवार
रिपोर्टाला बसलो. खरं लिहिलं तर मिस्त्री जातो, पाठोपाठ मी. नाही लिहिलं तर गणपतराव. आता मिस्त्रीचाच संशय येतो. इतक्या थंडपणे सांगितलं ते का? आणखी कोणाकोणाला सांगितलं असेल... लाज वाटते. भीती जास्त वाटते, तेही लिहून ठेवतो.

संध्याकाळी गणपतराव आले. आत या म्हटलं तर येईनात, पायरीशीच उभे.
"साहेब, रिपोर्ट तुम्ही लिहिणार कळलं, तेव्हा बेफिकर झालो. बायकोला म्हटलं, रोना-धोना बंद कर, आपल्या माणसाच्या हातात आहे."
बोलताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं का? यांना मिस्त्रीनं सांगितलंय?
"निर्धास्त राहा," म्हणालो. नमस्कार करून गेले.
उद्या दहाला रिपोर्ट द्यायचा. इंजिनाचं नाव, तारीख, नुकसान, सगळं लिहून झालं. 'कारण' तेवढं राहिलंय.