दोन स्क्रू तलावात

आरमोरी,
रविवार, ११ जानेवारी २००९

रुपाली,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तू म्हणशील तेव्हा लिहीन. घरी सगळे बरे असतील. इकडेही बरं, धान निघालं, आई तुझी आठवण काढते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

चालू झाला! तुझा लॅपटॉप चालू झाला! आज सकाळी, लाइट जायच्या दहा मिनिटं आधी. मी असा ओरडलो की शेजारच्या रुखमाबाई कोंबड्या सोडून धावत आल्या, "काय झालं गा, साप निंगला का?"

तुझा तलावांचा प्रोजेक्ट जसाच्या तसा आहे. फाईलचं नाव फक्त वाचलं, उघडली नाही. एकोणीस तारखेला तू तो देणार म्हणजे देणार!

गडचिरोलीचा दुकानदार म्हणाला होता, "भंगार आहे, नवीन घ्या." डोकं असं भडकलं! म्हटलं, आता मीच खोलतो. बॅटरी काढली. एकेक स्क्रू काढला आणि कुठला कुठे ते विसरू नये म्हणून साबणाच्या नव्या वडीत त्या त्या जागी टोचून ठेवला. हुशारी ना? दुसऱ्या दिवशी आई तीच वडी घेऊन तलावावर धुणं धुवायला गेली. परत आली ती बोट चोखत. "साबनात खिळे कोनं ठोकले रे, मुडद्या?" मग मी कंबरभर पाण्यात उतरून चाळणीने गाळ चाळला. दोन स्क्रू अजून तिथेच आहेत.

चार दिवस एकेक भाग पुसून परत बसवला. पडदा उजळायचा, विझायचा. शेवटी मी स्क्रू काढायचा पेचकस फेकून दिला. बाबा अंगणात फाटलेलं जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले,

"अर्धं उघडलं का दिसते, पुरं उघडलं का जाते. हो का नाई?"

"हो."

"मंग त्याच्या पोटात कायले शोधून राह्यला? दुखनं उघडाच्या जागी आहे."

आणि खरंच! मोडलेल्या बिजागरीत पडद्याची वायर चेपली होती. सोडवली, टेप गुंडाळला. नवी बिजागरी कुठेच मिळेना. तेव्हा बाबांनी सुई तापवून कडेला दोन भोकं पाडली आणि जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने, जाळ्याच्याच गाठीने बिजागरी बांधून दिली. झाकण आता पुरं उघडत नाही. दिसायला लागतं तेवढंच उघडतं.

गाठ आवळता आवळता बाबांनी विचारलं, "हे पडून नाई तुटलं. कोनं आपटलं?"

मी फेकलेला पेचकस शोधायला उठलो.

तेव्हा त्यांना सांगितलं नाही, ते आता लिहितो. कँटीनमध्ये तू मला पुण्याच्या कॉलेजची माहिती दाखवत होतीस. किती खुशीत होतीस! मी "जा मग" म्हणालो आणि झाकण आपटलं. तू बोटं कशीबशी काढलीस. वर "दुरुस्त करून आणतो" म्हणून तुझ्या हातून हिसकावून बसस्टँड गाठलं. लॅपटॉप मुळात तुझ्या मोठ्या भावाचा, आणि घरी तू सांगितलंस, "माझ्या हातून पडला." घनश्यामभाऊंची बोलणी तू खाल्लीस. तुझ्या मैत्रिणीकडून कळलं मला.

कॉलेज काऊन सोडलं, असं सगळे विचारतात. मी सांगतो, नीट शिकवत नाहीत. खोटं आहे. त्या टेबलासमोरून जायची हिंमत होत नाही, एवढंच.

गुरुवारी सकाळच्या एसटीने गोंडपिपरीला येतो. दार तू उघडू नको, भाऊंना उघडू दे. लॅपटॉप हातात द्यायच्या आधी त्यांना सांगायचं आहे की तो पडला नव्हता. त्यांनी कानाखाली वाजवली तर मी हात उचलणार नाही, असं बाबांना बोललो आहे. ते म्हणाले, "मी यीन पाहाले."

पुण्याचा फॉर्म भर. याच लॅपटॉपवर भर.

आणि एक. त्या दिवशी तुझ्या बोटाला लागलं होतं का? तेव्हा विचारलं नाही.

ज्याने आपटला, तोच
प्रफुल