गाडी थांबली की

१९ जून

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली सफारीची सगळी माहिती मिळाली, फोटोही पाहिले. फोनवर बोलायला लागले की हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्र लिहिते आहे. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं आता कुणी मनावर घेत नाही.

आधी माझ्या शंका, आणि हसू नकोस. लस आम्ही दोघांनी टोचून घेतली. पण त्या तंबूला आतून कडी असते का? नुसती चेन असेल तर मी कुलूप आणते. आणि फोटोतली ती बाई उघड्या गाडीत सिंहाकडे बघून हसते आहे, तिला घरी विचारणारं कुणी नाही का? तू म्हणशील, ताई पहिल्यापासूनच भित्री भागूबाई. असू दे.

तुझे भाऊजी मात्र हरखून गेलेत. जन्मभर लोकांना बसमधून इकडून तिकडे नेलं, स्वतः कुठे गेले नाहीत. हत्तींचा कळप बघायचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं. "मेव्हणा नेतोय, मेव्हणा!" असं भेटेल त्याला सांगतात. दूधवाल्याला एकाच सकाळी तीनदा सांगितलं.

तुझ्या माहितीत एक नियम ठळक छापलाय. जनावर दिसलं की गाडी थांबेल, आणि थांबलेल्या गाडीतून कुणीही खाली उतरायचं नाही. तो वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

ह्यांची सवय तुला ठाऊक आहे. गाडी थांबली की उतरायचं, भोवती चक्कर मारायची, एकेका टायरला लाथ मारून बघायचं. आपण त्यावरून किती चिडवायचो! परवा भर चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. मान वर केली तर शेजारी कुणी नाही. हे रस्त्यात वाकून रिक्षाचं चाक बघत होते आणि मागून ट्रक येत होता. मी दंड धरून ओढलं तर माझ्यावरच खेकसले, "ओ बाई, चाकं बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही!"

आता लपवण्यात अर्थ नाही. त्यांना विसरण्याचा आजार आहे. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढून सांगितलं, हा वाढतच जाणार. तुला कळवलं नाही, कारण तू बेत रद्द केला असतास. डॉक्टर म्हणतात, जायचं तर आत्ताच जा, पुढच्या वर्षाची खात्री देत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. नेलं तर सिंहापुढे उतरतील, नाही नेलं तर हत्ती राहून जातील.

म्हणून एवढं कर. बंद दारांची गाडी ठरव, फक्त आपल्यासाठी. ह्यांना मधे बसवू. तिथल्या वाटाड्याला आजाराचं आधीच सांग, लाजू नकोस. आणि त्याला आपल्या भाषेतले दोन शब्द शिकव: "चाकं बघितली." आगारातला मेकॅनिक एवढं म्हणाला की हे जागचे हलत नसत. मी म्हणून पाहिलं, पण माझं ऐकत नाहीत. वर्दीतल्या माणसाचं ऐकतील असं वाटतं. नाही ऐकलं तर काय करायचं, ते मात्र तूच सुचव.

आज दुपारी मी त्यांचे शर्ट बॅगेत भरत होते. हे पलंगाच्या कडेला बसून बघत होते. मग फार अदबीने, जरा संकोचून म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर माझ्या बायकोलाही घेऊया का बरोबर? तिला एकटीला मागे ठेवून मला करमायचं नाही."

मी म्हटलं, "घेऊया की." त्यांना इतका आनंद झाला म्हणून सांगू!

बाळ्या, तिकिटं रद्द करू नकोस. पण विमानतळावर वेळेच्या आधी येऊन उभा राहा. तोवर त्या सगळ्या अनोळखी गर्दीत ह्यांना सांभाळायला मी एकटीच, आणि मीही त्यांच्यासाठी त्या गर्दीतलीच एक असेन, ह्याची मला फार भीती वाटते.

तुझी ताई,
आणि त्यांची बायको