फॉर्मवरचं 'हो'

मंगळवार, संध्याकाळ

आत्ताच दवाखान्यातून आले. स्नेहल अजून शुद्धीवर नाही.

सकाळी सरावात आमची बोट उलटली. आम्ही तिघी पोहत काठाला लागलो, ती खाली गेली. मीच तिला केसांना धरून वर काढलं, पण तोवर फार वेळ गेला होता.

गेल्या आठवड्यात आंतरविद्यापीठ नौकानयन स्पर्धेसाठी चौथी मुलगी मिळत नव्हती आणि नावं पाठवायचा शेवटचा दिवस होता. कॅप्टन मी, म्हणून तिचा फॉर्म मी भरला. 'पोहता येते' या रकान्यात तिला न विचारताच 'हो' लिहिलं. न विचारता? नाही, विचारलं होतं. "नाही वं, शिकून राहिली मी," असं म्हणाली होती ती. शिकतेच आहे ना, म्हणून मी 'हो' लिहिलं. निळ्या पेनानं, ठळक.

दुपारी तिचे बाबा कळमेश्वरहून आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "पोरी, तू होती म्हणून सापडली. पोहता येत नाही तिले, मंग काहून बसली नावेत? हट्टीच आहे पहिल्यापासून."

माझ्या डोळ्यांपुढे ते निळं 'हो'.

"हो काका," मी म्हणाले, "हट्टीच आहे."