दिव्याचं बटण आतल्या बाजूला

१० सप्टेंबर २००६, रविवार, एडिसन
आज फ्लोरेन्सला तिसऱ्यांदा भेटले. विमानतळाजवळचं ते गोदाम बाहेरून कुरिअर कंपनीचं वाटतं. आत काचेपलीकडे माणसं. एका बाजूला माझा फोन, एका बाजूला तिचा. ती कॅमेरूनची, शिवणकाम शिकवायची. नवऱ्याला पोलिसांनी नेलं तेव्हा पळाली. विमानतळावर उतरताच म्हणाली, मला आसरा द्या. तेव्हापासून तिथे आत आहे. गुन्हा काही नाही. कोर्टाची तारीख यायची आहे, एवढंच.

व्हॉलंटियर म्हणून आम्ही विचारायचं असतं, काही हवं का? ती म्हणाली, तुझी खोली कशी आहे ते सांग. मी म्हटलं, बेसमेंट आहे, छोटं. तिने विचारलं, दिव्याचं बटण आत आहे का?
आत तर असणारच, म्हटलं. मग कळलं. तिथे ट्यूबलाइट रात्रंदिवस चालू. बटण कुठे आहे हे तिने पाहिलेलंच नाही. ती डोळ्यांवर टॉवेल बांधून झोपते.

१४ सप्टें.
पॉलिसीच्या वर्गासाठी पेपर: आसरा मागणाऱ्यांच्या निवाऱ्यावर सरकार किती खर्च करतं. दिवसभर लायब्ररीत. हिशोब सरळ आहे. आत ठेवलं तर दर रात्रीचे पैसे सरकार भरतं, आणि एका रात्रीच्या त्या पैशात माझं आठवड्याचं भाडं निघेल. बाहेर सोडलं तर शून्य. खोली नाही, भत्ता नाही, कित्येक महिने कामाचा परवानाही नाही. म्हणजे सरकार छप्पर देतं, पण कुलूप बाहेरून असेल तरच.

अण्णांचा फोन. ते गवंडी, त्यामुळे घर म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. म्हणाले, "मग त्या बाईला सरकारनं शेड तरी दिलं का? आपल्याला दिलं होतं की भूकंपानंतर."
"दिलंय अण्णा. बाहेर येता येत नाही फक्त."
"मग ते शेड कसलं!"
नऊ वर्षांची होते. पत्र्याचं शेड, उन्हाळ्यात भाजायचं. पण आईने जमीन सारवली, दाराशी डालड्याच्या डब्यात तुळस लावली, आणि मी तिथेच अभ्यास केला. त्या शेडातून घरातली पहिली ग्रॅज्युएट निघाली, हे अण्णा अजून बस स्टँडवर कुणालाही सांगतात.

२४ सप्टें., रविवार
फ्लो.ची वकीलबाई भेटली. तारखेपर्यंत पॅरोलवर सोडू शकतात. बाहेर राहायची सोय आहे असं कुणीतरी लिहून द्यायला हवं. पत्ता हवा, खरा. ऑफिसर फोन करून खात्री करतो.
पत्ता. बस्स एवढंच?

२६ सप्टें.
घरमालकीण काकूंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या.
"अगं, तुरुंगातली बाई आणि आपल्या घरी?"
"तुरुंग नाही काकू. कोर्टाची वाट बघतेय."
काका पेपरातून मान न काढता: "आम्ही रांगेत उभं राहून आलो. व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळं."
"तिच्या देशात रांगच नव्हती, काका."
काकू म्हणाल्या, ओळख ना देख. मी म्हटलं, "मला तरी कुठे ओळखत होतात? मराठी मंडळाच्या ईमेलवरून विमानतळावर आलात. पहिल्याच दिवशी वरणभात वाढलात."
"तुझं वेगळं. तू आपली होतीस."
खाली आले.

१ ऑक्टोबर, रविवार
सकाळी काकू खाली आल्या, हातात जुनी सतरंजी. "पंधरा दिवस. तुलाही पंधरा दिवसच म्हटलं होतं." आणि हसल्या. मला इथे एक वर्ष झालं!
वकीलबाईंना लगेच लिहून दिलं: मी या पत्त्यावर भाडेकरू आहे, फ्लोरेन्स माझ्या खोलीत राहील. खाली सही. माझी सही एवढ्या महत्त्वाच्या कागदावर पहिल्यांदाच.

८ ऑक्टो., रविवार
व्यायामाची सायकल आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल कोपऱ्यात लावले. गादीपुरती जागा झाली. फ्लो.ला सांगितलं, दारातून आत आलीस की बटण डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. तिने डोळे मिटले, काचेमागे हवेत डावा हात वर केला, बोट दाबलं. "असं?" असंच.

१९ ऑक्टो.
घरात चकलीचा वास. आले तर काकू खुशीत. "तुझ्या त्या ऑफिसरचा फोन आला होता बाई! विचारत होता, तू कोण, बेसमेंट भाड्याने दिलंय का. मी म्हटलं, नो नो, नो टेनंट. शी इज माय नीस फ्रॉम इंडिया, जस्ट व्हिजिटिंग. सांभाळून घेतलं मी."
हातातली चकली तशीच राहिली. बेसमेंट भाड्याने द्यायला गावाची परवानगी लागते, ती काकूंकडे नाही. या रस्त्यावर कुणाकडेच नसावी. प्रत्येक घराखाली एकेक भाचा, एकेक भाची. आम्हीही बाहेर तेच सांगतो. मी लिहिताना ते कसं विसरले?

२७ ऑक्टो.
नामंजूर. वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. आसरा देणारीचा पत्ता आणि घराशी असलेलं नातं, दोन ठिकाणी दोन माहिती, विश्वास ठेवता येत नाही. आज वर जेवायला गेले नाही. मॅगी केली. काकूंनी वरून हाक मारली, झोपेचं सोंग घेतलं.

५ नोव्हेंबर, रविवार
फ्लो.ला माझ्याच तोंडून सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं. तिने काचेवरच्या कुणाच्या तरी ठशावर बोट फिरवलं. मग विचारलं, "त्या बाईने तुला भाची म्हटलं?"
हो.
"तुमचं रक्ताचं काही नाही?"
नाही.
"मग बाई चांगली आहे." आणि हसली. मला हसू येईना. ती म्हणाली, आमच्याकडेही मोठ्या बाईला आंटीच म्हणतात, कागदवाल्यांना ते कळत नाही.

१२ नोव्हें., रविवार
काकूंशी भांडले. एवढं मोठ्याने मी आईशीही बोललेले नाही.
"मला काय माहीत गं, एका शब्दाने एवढं होईल! घरावर दंड आला असता तर?"
"तुमचा दंड वाचला. ती आतच राहिली."
काकू रडल्या. काका उठून गराजमध्ये गेले, तिथे उगाच काहीतरी ठोकत बसले. मी खाली आले. बटण दाबून अंधार केला, मग लाज वाटून पुन्हा लावलं.

१९ नोव्हें., रविवार
गेले तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, ती इथे नाही. कुठे? सांगता येत नाही. दुपारी वकीलबाईंकडून कळलं, टेक्सासला हलवलं. तिथे बेड स्वस्त पडतात म्हणे. पेपरात मी हेच वाक्य लिहिलं होतं, तळटीप देऊन.

काकूंना सांगितलं. त्या पटकन म्हणाल्या, "माझी बहीण प्लेनोला आहे! तिला सांगू का, डबा घेऊन जाईल?"
नकाशावर दाखवलं. ते ठिकाण प्लेनोपासून दिवसभराच्या ड्राइव्हवर, पार सीमेजवळ. काकूंनी नकाशावर बोटाने अंतर मोजलं. "एवढं मोठं आहे का गं टेक्सास..."
आमचं पुन्हा बोलणं सुरू झालं ते असं.

१६ डिसेंबर
थंडी. पेपरला ए. प्रोफेसरांनी शेवटी लिहिलंय, आकडे उत्तम, भावना कमी करा.
घरी फोन. आई कुठे? अण्णा म्हणाले, "कुठं असणार, शेडात झोपलीय." सरकारने पक्कं घर दिलं त्याला आता किती वर्षं झाली. अण्णांनीच त्या वसाहतीच्या कितीतरी भिंती रचल्या. पण भूकंपापासून आई स्लॅबखाली झोपत नाही. रात्री पाणी पिऊन शेडात जाते, दार उघडं टाकते. लहानपणी मला याची लाज वाटायची. आज वाटलं, आत्ता तिच्याशेजारी त्या उघड्या दारात पडावं, पत्र्यावर दव टपटपताना ऐकावं. इथे हीटरचा आवाज तेवढा.
आईला छप्पर मिळालं तरी झोप शेडातच. फ्लो.ला छप्पर आहे आणि

७ जानेवारी २००७, रविवार
काकूंनी वर बोलावलं. निखिलच्या खोलीचं दार उघडं. त्याच्या ट्रॉफ्या खोक्यात. निखिल त्यांचा मुलगा, बोस्टनला कॉलेजात असतो.
"ही खोली आमच्या घरातली. इथे भाड्याचा प्रश्न नाही, परवानगीचा प्रश्न नाही. या वेळी मी लिहून देते."
मला वाटलं काका आडवे येतील. त्यांनी स्वतः टाइप केलं. सहीशी आल्यावर म्हणाले, "नातं काय लिहू?"
"काही नाही असंच लिहा काका. आहे ते."
"काही नाही," काका पुटपुटले. मग इंग्रजीत लिहिलं: आमची ओळख नाही, पण खोली रिकामी आहे.

४ फेब्रुवारी, रविवार
फ्लो.चा फोन टेक्सासहून. आवाज बसलाय. म्हणाली, इथेही लाइट बंद करत नाहीत. मी नव्या खोलीचं सांगितलं. पूर्वेला खिडकी, बाहेर मेपल, आत्ता पानं नाहीत.
"आणि बटण? डावीकडेच?"
आठवेना! फोन धरूनच धावत वर गेले. उजवीकडे.
"उजवीकडे," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. मी रोज डावीकडे हात नेत होते."
फोन मध्येच तुटला. कार्ड संपलं असणार.

२५ फेब्रु., रविवार
काही नाही. वकीलबाई म्हणतात, अर्ज टेबलावर आहे. कुणाच्या, ते त्यांनाही माहीत नाही. काकूंनी चादरी पुन्हा धुतल्या. वापरल्या नसताना. मला विचारलं, तिला तिखट चालतं का? माहीत नाही म्हटलं. इतके महिने बोलतोय आम्ही, जेवणाचं कधी विचारलंच नाही.

८ मार्च
ऑफिसरचा फोन आला! या वेळी काकांनी घेतला. काकू शेजारी, तोंडावर पदर दाबून. काकांनी सगळं सावकाश, खरं खरं सांगितलं. शेवटी ऑफिसरने विचारलं, अनोळखी बाईला तुम्ही का ठेवता? काका म्हणाले, "सर, माझ्या घरी येणारे बहुतेक लोक पहिल्या दिवशी अनोळखीच असतात."
ऑफिसर काय म्हणाला? ओके म्हणाला. ओके म्हणजे काय ते काकांना सांगता येईना.

१७ मार्च
निखिल सुट्टीला आला. बर्फाने भिजलेली बॅग घेऊन थेट वर गेला आणि तसाच खाली आला.
"मॉम, व्हेअर इज माय स्टफ?"
"गराजमध्ये. तू सोफ्यावर झोप."
"बट देअर्स नोबडी इन देअर!"
"येईल ना."
"व्हेन?"
काकूंनी माझ्याकडे बघितलं. निखिल म्हणाला, "कॅन आय ॲट लीस्ट टेक माय पिलो?" काकू म्हणाल्या, एकच घे, दुसरी राहू दे.
उशी घेऊन तो बाहेर आला. दिवा तसाच चालू ठेवून. मी काही म्हणायच्या आत काकू जिना चढून गेल्या, आणि खालून मला बटणाचा आवाज ऐकू आला.