पेशंट घेतला

३ जून, सोमवार
आले एकदाची. बॅगेचं चाक स्टँडवरच निखळलं, म्हणून अर्धा रस्ता तिला फरफटत आणली, पण खोली बघून शीण गेला. प्रशिक्षण केंद्राच्या वरच्या मजल्यावर खोली, खाली सरावाचा हॉल. बत्तीस वर्षांची बाई रुग्णवाहिकेवरचं काम शिकायला निघाली म्हणून ताईच्या सासरच्यांनी तोंडात बोटं घातली. ताईने मात्र कडेवरच्या तान्ह्याला सांभाळत माझी बॅग स्वतः भरली. पाच वर्षं झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले, आता निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेन.

आज नाडी शिकवली. दोन बोटांनी बघायची, अंगठ्याने कधीच नाही; अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि माणूस आपलेच ठोके मोजत बसतो. मग सरावाला जोड्या पाडल्या. आम्ही एकोणीस जण. उरलेली एक कोण, ते सांगायला नकोच. सरांनी मला कोपऱ्यातला जुना रबरी पुतळा दिला. सगळे हात याच्या सेवेला आणि हा आपला आडवा, म्हणून मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं.

६ जून, गुरुवार
अजून जोडी नाही. डबा खायलाही सगळे दोघं-दोघं बसतात. मला कुणी टाळत नाही, फक्त मी कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसभरात मला हात लागला तो एकदाच, गर्दीत धक्का बसला तेव्हा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

७ जून, शुक्रवार
आज श्वास देण्याची पिशवी. नाडी आहे पण श्वास नाही, अशा माणसाच्या तोंडावर मास्क धरायचा आणि दर सहा सेकंदांनी रबरी पिशवी दाबून हवा द्यायची. सरांनी दोनदा बजावलं की एकदा पेशंट हातात घेतला की दुसऱ्या कुणी घेईपर्यंत सोडायचा नाही. घेणाऱ्याने पिशवीवर हात ठेवून मोठ्याने ‘घेतला’ म्हणायचं, मगच पहिल्याने हात काढायचा.

हॉलभर नुसतं घेतला-घेतला चाललं होतं. मला देणारं कुणी नव्हतं. बावळटासारखं बसून राहण्यापेक्षा मीच जावईबापूंच्या पिशवीवर हात ठेवला आणि घेतला म्हटलं. शेजारची जोडी हसली, मीही हसले. पिशवी कोमट होती, नुकतीच कुणाच्या हातातून सुटल्यासारखी.

उद्यापासून तीन दिवस सुट्टी. सगळे गावी गेले. ताईकडे पाहुणे आहेत, तेव्हा मी इथेच.

८ जून, शनिवार
सकाळी दात घासताना श्वास थांबला. दम लागला नाही, नुसता थांबला. छाती वर येईचना. जिना बसत-बसत उतरले आणि का कोण जाणे, जावईबापूंची पिशवी दाबली. त्याची छाती वर आली. माझीही आली.

पिशवी सोडली की पुन्हा बंद. दहादा करून पाहिलं.

सरांचा फोन लागत नाही. रुग्णवाहिका बोलावली. दोघे आले, माझ्या बोटाला चिमटा लावला, प्राणवायू अठ्ठ्याण्णव. माझा डावा हात पिशवीवरच होता. सुट्टीतसुद्धा सराव, छान, असं म्हणाले. एकट्या राहता का, असंही विचारलं. खरं सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून मीही हसून वेळ मारून नेली. ते गेल्यावर खूप रडले. रडायलाही पिशवी दाबावी लागते.

ताईला फोन केला. उद्या चारपर्यंत येते म्हणाली.

९ जून, रविवार, सकाळ
झोप नाही. डोळा लागला की छाती जागं करते. मास्क पुतळ्याच्या तोंडाला रुमालाने बांधून टाकलाय. डावा हात बधिर, मग उजवा, मग पुन्हा डावा. ताई येईल. थोडा वेळ तिच्या हातात देईन आणि झोपेन.

दुपार
झाडलोट करणाऱ्या मावशींना फोन केला, हा पुतळा कुठला म्हणून. आधी टाळत होत्या. मग म्हणाल्या, गेल्या वर्षी एका मुलीला असंच झालं होतं, याच पुतळ्यापाशी. नवरा न्यायला आला. तिची दशा बघून त्यानेच पिशवी घेतली. सरावात ऐकलेलं ‘घेतला’ तिने त्याच्याकडून म्हणवून घेतलं. ती चांगली उठून उभी राहिली. त्याला मात्र उठता येईना. ती माणसं बोलवायला धावली. माणसं आली तेव्हा तो बसल्या जागी गेला होता, पिशवी हातात.

म्हणजे मी शुक्रवारी त्याच्याच हातातून—

ताईने नुसतं ऐकलं तरी ती घेणार. तिला थांबवता येणार नाही, लहानपणापासून माझं सगळं तिनेच अंगावर घेतलंय. तिचं धाकटं अजून अंगावर पितं.

फोन करतेय. ती बसमध्ये. लागत नाही.

पावणेचार
पुतळा ओढत हॉलच्या दारापाशी आणला. कडी लावली. खिडक्या लावल्या. लागत नाही फोन.

चार
आली. दार वाजवतेय. लाडाच्या नावाने हाक मारतेय. सात दिवसांत पहिल्यांदा कुणी—

कडी काढ म्हणते. आत असशील तर बोल म्हणते.

पिशवीचा आवाज बाहेर जातोय. फुस्स. तिने ऐकला. आत काय वाजतंय म्हणून विचारतेय. ऐकत राहिली तर दार तोडेल, ओळखते मी तिला.

हात काढला.

मोजते. सहा. सात. कान लावलाय दाराला. वीस.

स्वतःशीच म्हणाली, बाहेर गेली असेल. कोपऱ्यावर विचारून येते. पन्नास. दारापुढच्या पायऱ्या उतरतेय. हळू उतरते ती, गुडघा दुखतो. जा ताई. लवकर.

फाटक अजून वाजलं नाही. ऐंशी. ते वाजलं की दाबते. अक्षर दिसत नाही. थांबलीय का ती. चप्पल

नव्वद. फाटक—