खारीचा वाढदिवस

गुरुवार, संध्याकाळ. इस्लामपूर

टीव्हीवर मुलांसाठी खारीच्या वाढदिवसाचं खास कार्टून लागलं होतं. भेट हातात धरून खारीच्या दाराबाहेर घुटमळणारा ससा बघून चिमी बापाकडे वळली. "पप्पा, तुमाला लहानपणी कोण आवडायचं?"

यांनी मोबाइलवरची नजरही काढली नाही. "कोण न्हाई गं."

कोण नाही? पाचगणीजवळच्या आमच्या गावात, माझ्या दहाव्या वाढदिवसाला स्ट्रॉबेरीचं खोकं घेऊन दारात कोण उभं होतं मग? हेच. घरी न विचारता आणलेलं. निम्मी फळं चेंगरलेली, सदऱ्यावर लाल डाग. वर्गातली मुलं हसली, तरी दुसऱ्या दिवशी तोच सदरा घालून आले. त्या डागाच्या जोरावर मी लग्नाला हो म्हटलं. गेली चार वर्षं 'वाढू का' यापलीकडे घरात बोलणं नाही, तीही त्याच्याच जोरावर काढली. वेडीच की मी?

चिमी खेळायला गेल्यावर विचारलंच. "आवं, ते स्ट्रॉबेरीचं खोकं आठवतंय का?"

"कसलं खोकं?"

खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. पण खरंच आठवत नव्हतं, तोंडावर दिसत होतं. "च्या टाक," म्हणाले.

चहा उकळेपर्यंत सांगलीला दादाला फोन लावला. चिमीला घेऊन इकडंच ये, म्हणून तो वर्षभर मागे लागलाय. आज म्हटलं, "रविवारी न्यायला ये."

"भांडण झालं का?" त्यानं विचारलं.

"नाही," म्हटलं. भांडायलासुद्धा काही उरलं नाही, हे त्याला फोनवर कसं सांगू?